‘थंडीतही एसी दहा मिनिटं चालवा’ या मेसेजला उत्तर

थंडी पडली की हा मेसेज उगवतोच. मला तो एकाच आठवड्यात चार जणांनी पाठवला. मजकूर थोडक्यात असा: ‘हिवाळ्यात एसी आठवड्यातून एकदा दहा मिनिटं कूलिंगवर चालवा, नाहीतर गॅस बसतो. खोली गरम हवी तर तोच एसी ३० वर ठेवा. पण हीटिंगला बिल हीटरइतकंच येतं, शिवाय एसी खोलीतला ऑक्सिजन खातो. आउटडोअरवर बर्फ किंवा धूर दिसला तर गॅस लीक समजा.’

यात एक गोष्ट बरोबर आहे, पण ती दुसऱ्याच मशीनची. ‘एसी’ हा शब्द आपण तीन यंत्रांना वापरतो: फक्त गार करणारा, हॉट अँड कोल्ड (गार आणि गरम दोन्ही करणारा) आणि गाडीतला. मेसेजवाल्याने तिघांची खिचडी केली आहे.

गाडीपासून सुरू करू. गाडीच्या एसीचा कॉम्प्रेसर, म्हणजे गॅस दाबणारा पंप, बहुधा इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो. त्याचा शाफ्ट (फिरणारा दांडा) बाहेर येतो, आणि जिथून येतो तिथे एक सील असतं. गॅसबरोबर तेलही फिरतं, त्याने ते सील ओलं राहतं. महिनोन्‌महिने एसी बंद ठेवला तर सील सुकून गॅस झिरपू शकतो. म्हणून गाडीचा एसी हिवाळ्यातही अधूनमधून लावावा, हा सल्ला रास्त आहे. (काचेवरचं धुकंही त्यानेच झटपट जातं, कारण एसी हवा कोरडी करतो.) घरातल्या एसीत मात्र मोटर आणि कॉम्प्रेसर एकाच वेल्ड केलेल्या लोखंडी डब्यात असतात. शाफ्ट बाहेर येतच नाही, मग सुकणार काय? आणि गॅस गोठून बसेल म्हणाल, तर आर-३२ हा आजचा नेहमीचा गॅस साध्या हवेच्या दाबाला उणे ५२ अंशांच्या आसपास उकळतो, गोठणं तर दूरच.

थंडीत एक गोष्ट खरंच ‘बसते’, फक्त मेसेजच्या उलट अर्थाने. बंद मशीनमधला गॅस सगळ्यांत थंड जागेकडे सरकतो. बाहेर गारठा असेल तर ती जागा म्हणजे आउटडोअर, आणि त्यात कॉम्प्रेसर. तिथे मशीनमधल्या दाबाखाली तो द्रव होऊन तेलात मुरतो. अशा वेळी तुम्ही बटण दाबलंत की दाब एकदम उतरतो, तेलातला गॅस उकळतो, सोड्याची बाटली उघडावी तसा फेस होतो आणि तेल त्याच्यासोबत बाहेर ओढलं जातं. बेअरिंगला वंगण हवं नेमकं तेव्हाच ते कमी पडतं. थंड हवेसाठी बनवलेल्या मशीनमध्ये कॉम्प्रेसर आधीच कोमट ठेवायची सोय असते, ती याचसाठी. साध्या कूलिंग एसीत ती असेलच असं नाही. म्हणजे मशीन वाचवायला सांगितलेली दहा मिनिटंच त्याला जड जातात.

मशीन चालू राहिलं तरी सुटका नाही. बाहेरची हवा फार गार असली की कंडेन्सरमधला, म्हणजे आउटडोअरच्या कॉइलमधला (गॅसच्या नळ्यांच्या जाळीतला) दाब पुरेसा चढत नाही. दाब कमी, म्हणून पुढे ढकलला जाणारा द्रव गॅसही कमी. आतल्या कॉइलचं तापमान शून्याखाली जातं, हवेतलं पाणी तिच्यावर गोठतं, हवेची वाट बंद होते, आणि न उकळलेला गॅस तसाच कॉम्प्रेसरकडे परततो. कॉम्प्रेसर वायू दाबायला बनवलाय, द्रव दाबला जात नाही. सर्व्हर रूमला बाराही महिने कूलिंग लागतं, हे खरं. पण तिथल्या मशीनला बाहेरचा पंखा हळू करून दाब टिकवणारी यंत्रणा असते. तुमचं मशीन बाहेरच्या किती तापमानापर्यंत कूलिंग करू शकतं ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, तो एक तक्ता वाचा. सीझन संपताना कॉइल सुकवायची असेल तर फक्त फॅन मोड लावा, त्यात कॉम्प्रेसर सुरू होत नाही.

आता ३० चा जादूई आकडा. कूलिंगवर ३० म्हणजे ‘खोली ३० च्या वर गेली तर गार कर’. खोलीत १६ अंश असताना मशीन काहीच करत नाही, नुसता पंखा फिरतो, आणि वाऱ्याने तुम्हाला आणखी हुडहुडी भरते. रिमोटवर हीटिंगचं सूर्याचं चित्र आहे म्हणून हुरळू नका. एकच रिमोट अनेक मॉडेलना देतात. मशीन हॉट अँड कोल्ड आहे का, हे मॉडेल नंबरवरून तपासा.

हॉट अँड कोल्ड असेल तर बिलाचा मुद्दाही कोसळतो. हीटर एक युनिट विजेची एक युनिट उष्णता करतो, त्याहून जास्त शक्यच नाही. एसी उष्णता तयार करत नाही, बाहेरून उचलून आत आणतो. बाहेर ७ अंश असताना चांगलं मशीन एका युनिटमागे तीन-चार युनिट उष्णता देतं. ही कल्पना नवी नाही: भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड केल्विनने ती १८५२ मध्येच मांडली होती, आणि स्वित्झर्लंडमधल्या झुरिकचं टाउन हॉल १९३८ पासून नदीच्या पाण्यातली उष्णता उपसून गरम होऊ लागलं. बाहेर उणे १० झालं की हा फायदा बराच आटतो, हे मान्य. तरी हीटरच्या खाली जात नाही.

ऑक्सिजनचं काय? एसीत काही जळत नाही, मग खाणार कुठून. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो. घसा कोरडा पडतो तो वेगळ्या कारणाने: ५ अंशांची ८० टक्के आर्द्रतेची हवा २२ अंशांपर्यंत तापवली की आर्द्रता २६ टक्क्यांच्या आसपास येते, मग ती कशानेही तापवा. ऑक्सिजन खरोखर खाते ती कोळशाची शेगडी किंवा गॅसचा हीटर. बंद खोलीत त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. याबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही, म्हणून माझा राग जास्त.

राहिला धूर. हीटिंग चालू असताना आउटडोअरची कॉइल बाहेरच्या हवेपेक्षाही थंड असते, त्यामुळे तिच्यावर हिम धरतं. तासा-दोन तासांनी मशीन स्वतःच ते वितळवतं. आतला पंखा थांबतो, बाहेरचाही थांबतो, गॅसची दिशा बदलणारा व्हॉल्व्ह उलटताना ‘फुस्स’ आवाज येतो, पांढरं हिम काळपट ओलं होतं, खाली पाणी गळायला लागतं आणि वाफेचा लोट उठतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मीही मेन स्विचकडे धावलो होतो. पाच-दहा मिनिटांत सगळं पूर्ववत होतं. मेकॅनिकला बोलवायचं ते बर्फ तासन्‌तास वितळत नसेल, किंवा सगळी जाळी बर्फाने बुजून गेली असेल तर. वाफेला वास नसतो. जळका वास आला तर मात्र मेन स्विच बंदच करा.