हिरवं झालं की टॅप

पुतण्या दिवाळीत अमरावतीहून गावी आला आणि फराळाच्या आधीच त्याने मला नापास केलं. खेळ असा: मोबाइलची स्क्रीन लाल असते, ती कधी हिरवी होईल ते सांगता येत नाही, झाली की बोट टेकवायचं. लगेच मिलिसेकंदांत निकाल. 'ह्यूमन बेंचमार्क' नावाच्या त्या साइटवर लोकांचा मधला आकडा २७३ दिलाय. पुतण्याचा आला २१५. माझा ४१२.

"काका, जागे होते ना तुम्ही?"

माय ओट्यावर वाती वळत होती. मान वर न करता म्हणाली, "अबे, हिरवं झालं तं झालं. ते पयून चाललं का कुठं?"

मी मोबाइलवर ढकललं. ते अगदीच खोटं नव्हतं. साधी स्क्रीन सेकंदाला ६० वेळा चित्र बदलते, म्हणजे सोळा-सतरा मिलिसेकंद तिथेच जाऊ शकतात. बोट टेकल्याचं मोबाइलला कळेपर्यंत आणखी थोडे. पुतण्याने त्याचा १२०वाला मोबाइल दिला. ३९८. मग त्याने मला हेल्महोल्ट्झ ऐकवला. त्या जर्मन शास्त्रज्ञाने १८५० मध्ये बेडकाच्या नसेतून संदेश किती वेगाने जातो ते मोजलं होतं: सेकंदाला पंचवीस-तीस मीटर. माझ्या डोक्यापासून बोटापर्यंत मीटरभर वाट, म्हणजे त्या हिशोबाने तीस-चाळीस मिलिसेकंद. मग उरलेला वेळ जातो कुठे? डोक्यातच, असं पुतण्याने हसत सांगितलं आणि बायकोने न हसता.

सरावाने काही मिलिसेकंद कमी झाले, पण फार नाही. साध्या चाचणीत फार सुधारणा होतच नाही म्हणतात. मग मी गावाकडची युक्ती वापरली: हिरवं व्हायच्या अंदाजानेच बोट टेकवायचं. एकदा चक्क ९४ आला! पुतण्या म्हणे, धावण्याच्या शर्यतीत १०० मिलिसेकंदांच्या आत निघालं तर फाऊल धरतात, कारण बंदुकीचा आवाज ऐकून माणूस इतक्या लवकर हलूच शकत नाही. असेल. पण आमच्या फाट्यावर एसटी थांबायच्या आधी खिडकीतून रुमाल टाकला नाही, तर यवतमाळपर्यंत उभ्यानं जावं लागते. तिथं फाऊल कोणी धरत नाही.

पुढची परीक्षा निवडीची: हिरव्यावर टॅप, पिवळ्यावर नाही. पर्याय वाढले की वेळ वाढतो, हे डच डॉक्टर डाँडर्सने १८६८ मध्येच मोजून दाखवलं होतं. मला त्यासाठी हॉलंडची गरज नव्हती. कापूस आज विकायचा की भाव चढेपर्यंत घरात ठेवायचा, ह्या दोनच पर्यायांवर माझी प्रतिक्रिया दिवाळीपासून होळीपर्यंत चालते. तोवर अर्ध्या घरात कापूस, अंगाला खाज, आणि भाव जिथल्या तिथे.

सुट्टी संपून पुतण्या गेला. खेळ माझ्या मोबाइलमध्ये राहिला. हरभऱ्याला पाणी द्यायचं, तर मोटरची थ्री फेज लाइन येते रात्री. विहिरीवर घोंगडी पांघरून लाइनची वाट पाहत मी लाल स्क्रीन बघत बसतो. परवा मोटरला ऑटो बसवला, म्हणजे लाइन आली की मोटर आपोआप सुरू करणारा डबा. लाइन आल्यावरही हा गडी लगेच मोटर सुरू करत नाही. व्होल्टेज टिकते का ते पाहत काही सेकंद गप्प बसतो. कंपनीने त्याला मुद्दाम तसं बनवलंय, आणि त्याचे पैसे घेतलेत. त्याला कोणी मंद म्हणत नाही.

हे मी तिथूनच, रात्री दोन वाजता, पुतण्याला कळवलं. पोट्टा जागाच होता. उत्तर आलं: "काका, झोपा ना. झोप झाली नाही का रिअॅक्शन टाइम वाढते."

हा मेसेज लाइनचं वेळापत्रक लावणाऱ्यांना पाठवावा असं त्याच क्षणी ठरवलं. फक्त वायरमनला पाठवू की मोठ्या साहेबांना, ह्या दोन पर्यायांवर विचार चालू आहे.