जड चापाबद्दल, सविस्तर

नमस्कार. जुन्या रिव्हॉल्व्हरने रेंजवर नेमबाजी करण्याबद्दल मी जे लिहिलं, त्यावर तुम्ही तीन आक्षेप घेतले आहेत. एक, चांगली सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलं मिळत असताना हा नुसता जुन्याचा मोह आहे. दोन, डबल ॲक्शनच्या (नुसता चाप ओढूनच हॅमर मागे नेऊन सोडण्याच्या) जड चापाने शिकणाऱ्याचा हात बिघडतो, म्हणून हॅमर, म्हणजे काडतुसावर आपटणारा घोडा, आधी अंगठ्याने मागे ओढून सिंगल ॲक्शनमध्येच गोळी झाडावी. आणि तीन, इतकं जुनं हत्यार वापरायला सुचवणं धोक्याचं आहे, तुमच्याकडचं .३८ बोअरचं रिव्हॉल्व्हर तुम्ही याच कारणाने कपाटातून काढत नाही.

पहिल्यावर वाद नाही. स्पर्धेतले गुणच हवे असतील तर आधुनिक पिस्तूल घ्या. २५ मीटर सेंटर फायर स्पर्धेत चाप १००० ग्रॅमपर्यंत हलका चालतो, आणि चांगल्या पिस्तुलाचा चाप त्या वजनाला काचेसारखा स्वच्छ सुटतो. नियमांनी रिव्हॉल्व्हरला बंदी नाही, फेऱ्याही पाच-पाच गोळ्यांच्याच असतात. जलद टप्प्यात लक्ष्य ३ सेकंद दिसतं आणि ७ सेकंद लपतं, त्या मधल्या वेळात हॅमर ओढता येतो. पण मी स्पर्धा जिंकण्याबद्दल लिहीत नव्हतो. हात घडवण्याबद्दल लिहीत होतो, आणि तिथे तुमच्या दुसऱ्या आक्षेपाशी माझं अजिबात जमत नाही.

जुन्या पोलिसी धाटणीचं .३८ घ्या, उदाहरणार्थ स्मिथ अँड वेसनचं १८९९ साली आलेलं ‘मिलिटरी अँड पोलीस’, ज्याला १९५७ पासून ‘मॉडेल १०’ म्हणतात. सिंगल ॲक्शनमध्ये त्याचा चाप दीड-दोन किलोच्या आसपास सुटतो. डबल ॲक्शनमध्ये तो पाच किलोच्या घरात जातो, आणि बोटाला प्रवासही बराच लांबचा करावा लागतो, कारण त्या एका ओढीत काडतुसांचा सिलिंडर फिरवायचा असतो, हॅमर मागे न्यायचा असतो आणि सोडायचाही असतो. रिव्हॉल्व्हरचं स्वतःचं वजन मात्र एक किलोच्या आत. म्हणजे हत्याराच्या वजनाच्या पाचपट जोर एकाच बोटाने लावायचा आणि ते हत्यार हलू द्यायचं नाही. यात हात बिघडत नाही. हातात आधीपासून असलेला बिघाड दिसायला लागतो.

सिंगल ॲक्शनमध्ये बोट शेवटच्या क्षणी झटका देतं आणि तो झटका गोळी सुटल्याच्या धक्क्यात लपून जातो. उजव्या हाताने नेम धरणाऱ्याची गोळी खाली डावीकडे लागते, आणि तो नेम धरायच्या मागच्या खाचेला दोष देत बसतो. डबल ॲक्शनमध्ये लपायला जागा नाही. गोळी सुटण्याआधीच्या त्या लांब ओढीत माशी (नळीच्या टोकावरचा नेम धरायचा खुंट) डोळ्यांसमोर थरथरते, एका बाजूला सरकते, बुडते. बाकीची बोटं चापाबरोबर आवळली जात असतील तर तेही कळतं. नजर माशीवर ठेवा, लक्ष्य धूसर दिसू द्या, आणि बोट न थांबता एकाच वेगाने मागे येऊ द्या. अर्ध्यावर थांबून, सिलिंडर अडकल्याचा खटका ऐकून मग उरलेला चाप ओढण्याची युक्ती बरेच जण शिकवतात. मला ती मुळीच पटत नाही, कारण तिने तोच जुना झटका पुन्हा शेवटी आणून बसवला जातो. डबल ॲक्शन अचूकतेच्या आड येते असं ज्यांना वाटतं त्यांनी अमेरिकी नेमबाज एड मॅकगिव्हर्नचा १९३२चा विक्रम आठवावा: डबल ॲक्शन रिव्हॉल्व्हरमधून पाच गोळ्या, ०.४५ सेकंदात.

रिव्हॉल्व्हरची आणखी एक सोय पिस्तुलात तितकी सहज मिळत नाही. रेंजवर सोबत्याला सांगून सिलिंडरमध्ये तीन खरी आणि तीन डमी (न उडणारी) काडतुसं हवी तशी मिसळून भरायला लावा. डमीवर हॅमर पडला आणि नळी खाली झुकली, की धक्क्याची भीती कुठे बसली आहे ते तुम्हालाही दिसतं आणि सोबत्यालाही.

मात्र ज्याने कधीच गोळी झाडलेली नाही, त्याच्या हाती पहिल्या दिवशी हे देऊ नये. त्याने लहान, सौम्य धक्क्याच्या .२२ ने सुरुवात करावी.

आता तिसरा आक्षेप, आणि तो मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. धोका खरा आहे, पण तो वयात नसून अवस्थेत आहे, आणि अवस्था तपासता येते. रिव्हॉल्व्हर रिकामं आहे हे प्रत्येक कप्प्यात डोकावून पाहा. मग हॅमर अगदी सावकाश मागे ओढा: तो पूर्ण मागे पोहोचण्याआधी सिलिंडर जागेवर पक्का अडकला पाहिजे, आणि हे सगळ्या कप्प्यांबाबत पाहायचं, एकावर समाधान मानायचं नाही. उशिरा अडकणाऱ्या सिलिंडरमध्ये गोळी नळीच्या तोंडाशी कडेला घासते, शिशाचे कण बाजूला उडतात आणि शेजारच्या नेमबाजाला लागतात. ओढलेला हॅमर अंगठ्याने पुढे ढकलला तर सुटता कामा नये. सिलिंडर आणि नळी यांमधली फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा, साधारण ०.१० ते ०.२५ मिलिमीटर असेल तर ठीक, सिलिंडर पुढे-मागे हलून ती बदलत असेल तर ठीक नाही. या फटीतून तप्त वायू बाहेर पडतो, म्हणून आधाराचा हात कधीही तिच्या शेजारी नको.

काही रिव्हॉल्व्हर मात्र कपाटातच बरी. बंदुकीच्या जुन्या काळ्या दारूच्या काळात घडवलेल्या हत्यारात धूररहित दारूचं काडतूस घालू नये, ते कप्प्यात नीट बसत असलं तरी. .३८ स्पेशलच्या जुन्या रिव्हॉल्व्हरला जास्त दाबाची ‘प्लस पी’ काडतुसंही नकोत. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरपर्यंतच्या स्मिथ अँड वेसनमध्ये हॅमर अडवणारा नंतरचा पक्का तुकडा नाही. खाली पडलेल्या रिव्हॉल्व्हरमधून गोळी सुटून एक नौसैनिक दगावला, तेव्हा ती रचना बदलली. रेंजवर अशी हत्यारं वापरता येतात, पण भरलेलं असताना ती हातातून सुटणार नाहीत याची जबाबदारी पूर्णपणे आपली.

आणि आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर लगेच थांबा. गोळी नळीत अडकलेली असू शकते, आणि तिच्यामागून दुसरी गेली तर नळी फुटते. चाप ओढूनही काडतूस उडालं नाही, तर नळी लक्ष्याकडेच ठेवून अर्धा मिनिट वाट पाहा, त्याआधी सिलिंडर फिरवू नका किंवा उघडू नका.

तुमचं .३८ एखाद्या जाणत्या आर्मररला (हत्यारं तपासणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्या कारागिराला) दाखवा. त्याने ते योग्य ठरवलं तर १४८ ग्रेन वजनाच्या, सपाट तोंडाच्या गोळीची वॉडकटर काडतुसं घ्या: दाब कमी, धक्का सौम्य, आणि सपाट तोंडामुळे कागदाला पडणारं भोक गोल नि स्वच्छ. लक्ष्य आधी १० मीटरवर लावा आणि सगळ्या गोळ्या डबल ॲक्शनमध्येच झाडा. भोकं कुठे पडली त्यापेक्षा माशी कोणत्या बाजूला सरकत होती ते मला कळवा, मग पुढचं बोलू.