‘पूर्ण भूल दिलीये, मग गालाला वेगळी सुई कशाला?’ या मेसेजला उत्तर

नाकाचं वाकडं हाड सरळ करून घेणाऱ्यांच्या घरच्यांमध्ये एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: ऑपरेशननंतर पेशंट हातपाय झाडायला लागला तर समजा भूल कमी पडली, पूर्ण भूल असताना ‘ब्लॉक’ (म्हणजे नस बधिर करणारं इंजेक्शन) देणं म्हणजे बिल फुगवणं, आणि झोपेचं इंजेक्शन दिलं की तसाही पेशंट शांत होतो. मी भूलतज्ज्ञ आहे. तिन्ही गोष्टी चूक आहेत, आणि तिसरी तर धोक्याची आहे.

‘भूल कमी पडली.’ नाही. हा प्रकार भूल उतरताना होतो. ऑपरेशन संपलेलं असतं, गॅस बंद केलेला असतो, शरीर आधी जागं होतं आणि भान मागून येतं. अशा वेळी धडधाकट तरुण मुलगा उठून बसायला बघतो, दोन्ही हात नाकाकडे नेतो, सलाइनची नळी उपटतो. दोन ब्रदर त्याला धरून असतात. शेजारी उभ्या आईलाही तो ओळखत नाही. तासाभराने विचारलं तर त्याला काही आठवत नसतं. आईला मात्र सगळं आठवतं. नाकाच्या ऑपरेशननंतर हे जास्त दिसतं, कारण दोन्ही नाकपुड्यांत पॅक, म्हणजे रक्त थांबवायला घातलेला बोळा, असतो. जन्मभर नाकाने श्वास घेतलेल्या माणसाला अर्धवट शुद्धीत वाटतं, आपण गुदमरतोय. त्यात घशात रक्त उतरलेलं आणि जखम ठणकणारी. पॅक ओढला गेला तर पुन्हा रक्त सुरू होतं, म्हणून आम्ही हे हसण्यावारी नेत नाही.

‘पूर्ण भूल असताना ब्लॉक कशाला?’ पूर्ण भुलीने मेंदू झोपतो, पण जखमेकडून निघणारी वेदना नसांमधून येतच राहते. गॅस उतरायला काही मिनिटं पुरतात. जखम तेव्हा ताजीच असते. ब्लॉक त्या नसेलाच काही तास गप्प करतो. डोळ्याच्या खोबणीखाली बोटाने चाचपलं तर हाडात एक लहानसा खळगा लागतो. तिथून गाल, वरचा ओठ आणि नाकाच्या बाजूची नस बाहेर येते. दुसरा ब्लॉक नाकाच्या आत, मागच्या बाजूला असलेल्या नसांच्या गाठीजवळ देतात. बुपिव्हाकेन किंवा रोपिव्हाकेन ही बधिर करणारी औषधं दोन्ही बाजूंना देतात, बहुतेक वेळा पेशंट झोपल्यावर, त्यामुळे सुई टोचलेली कळतही नाही. चाचण्यांमध्ये असे ब्लॉक दिलेल्या पेशंटांची उठतानाची तडफड कमी झालेली दिसली आहे. वेदनाशामकंही कमी लागतात. ही औषधं नेहमीच्याच वापरातली आहेत. बिलात त्याचे किती लावले, हे जरूर विचारा, तो तुमचा हक्क आहे. पण महाग वाटलं म्हणून ब्लॉकच निरर्थक ठरत नाही.

‘झोपेचं इंजेक्शन द्या.’ ऑक्सिजन कमी पडलेला माणूसही असाच तडफडतो. म्हणून आधी श्वास, बोटावरच्या क्लिपचा ऑक्सिजनचा आकडा आणि घशातलं रक्त बघायचं. नाक बंद, घशात रक्त, आणि वरून गुंगी: श्वास कधी मंदावला ते पटकन लक्षातही येत नाही. औषध कधीकधी द्यावं लागतं, पण तपासून, मोजून आणि शेजारी उभं राहून.

ब्लॉकने सगळंच मिटतं असं मात्र नाही. दुखणं कमी होतं, पॅकची कोंडी राहते. सुईच्या जागी सूज किंवा काळंनिळं होऊ शकतं, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर निर्णय बदलतो. वरचा ओठ काही तास बधिर राहतो, म्हणून तोवर कडकडीत चहा देऊ नका.

भुलीच्या तपासणीला जाल तेव्हा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबद्दल सांगा, आधीच्या ऑपरेशननंतर पेशंट बेभान झाला होता का तेही सांगा, आणि ब्लॉक देणार आहात का हे स्पष्ट विचारा. आदल्या संध्याकाळी पेशंटला नाक चिमटीत धरून पाच मिनिटं तोंडाने श्वास घ्यायला लावा. माझ्या पेशंटांकडून मी हे करून घेते. पहिल्या मिनिटाला बहुतेक जण घाबरून चिमटी सोडतात; ती घाबरगुंडी घरातच उडून गेलेली बरी.