सात मिनिटांचा वनवास

रत्नागिरीत ऑफिसजवळ, साळवी स्टॉपला फ्लॅट घेतला तेव्हा जो तो म्हणाला, "सुटलीस गो बाई!" चिपळूण ते रत्नागिरी साधारण ९० किलोमीटर. एसटीने जाऊन-येऊन रोजचे पाच तास. मुलगा बालवाडीतून सातवीत गेला, पण हायवेचं चौपदरीकरण आपलं त्याच इयत्तेत. आता घर ते ऑफिस चालत सात मिनिटं. कोपऱ्यावरचं कुत्रं मागे लागलं तर पाच.

तर मी सुटले, आणि पहिल्याच आठवड्यात रागाचा घोळ झाला. पूर्वी साहेबांनी डोकं फिरवलं की ते तसंच घेऊन मी संध्याकाळच्या गाडीत बसायचे. हातखंब्यापर्यंत साहेबांच्या सात पिढ्यांचा उद्धार. मग निवळी घाट. त्याला निवळी का म्हणतात ते इतरांनी शोधावं. माझा राग तिथे वळणावळणाने निवळायचा. बावनदीच्या पुलावर मी माणसांत यायचे, संगमेश्वरला चक्क हसायचे. चिपळुणात उतरणारी सून सासूबाईंना भारी गुणी वाटायची. आता साहेबांचं वाक्य कानात गरम असतानाच दार उघडतं. "आज लवकर आलीस गो?" या साध्या प्रश्नाला मी काय उत्तर दिलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आणि ती माणसं! खरी नावं अर्ध्यांची ठाऊक नव्हती. सावर्ड्याच्या काकी, पोस्टातल्या ताई, आरवलीचे मास्तर. चिपळूणला खिडकीतून रुमाल टाकून सगळ्यांच्या जागा धरायच्या. पावसात छत गळायला लागलं की गाडीतच छत्री उघडायची आणि छत्रीखाली डबा. घावणे, ओल्या काजूची उसळ, तळलेले गरे. सुकट आणणाऱ्याची रवानगी मागच्या सीटवर. पण वास पुढे आला की एकेक जण तिकडेच सरकायचा. मार्च २०२३ मध्ये बायकांना अर्धं तिकीट झालं आणि मास्तर दुखावले. त्यांचा मासिक पास, २० दिवसांचं भाडं भरून ३० दिवस प्रवास. त्यांनी कागदावर हिशेब मांडला, तरी आम्हीच स्वस्तात. महिनाभर आमच्या घावण्यांना त्यांनी हात लावला नाही.

पण मला खरी हळहळ मास्तरांच्या गडग्याची, म्हणजे बागेच्या दगडी कुंपणाची. चुलत्याने म्हणे कलमांच्या बागेत गडगा हातभर सरकवला. तीन वर्षं ती भाऊबंदकी आम्ही रोज ऐकत होतो. सातबारा, नोटीस, तारीख, पुन्हा तारीख. बरोबर आरवली आली की मास्तर पिशवी उचलून "ऱ्हायलेलं उद्या" म्हणत उतरायचे. माझ्या शेवटच्या दिवशी मोजणीवाला आला होता, नकाशा उघडला होता, चुलता घामाघूम झाला होता. आणि आरवली आली. दुसऱ्या दिवशी आमच्या सामानाचा टेम्पो.

तीन महिने कळ काढली. गेल्या शुक्रवारी घरी "मीटिंग आहे" असं सांगून सरळ संध्याकाळची गाडी पकडली. कंडक्टर म्हणाला, "मॅडम, बरेच दिवस दिसला नाहीत, आजारी होता काय?" काकींनी सरकून जागा दिली. माझ्या नेहमीच्या खिडकीत एक नवीन पोरगी कानात तारा खुपसून बसली होती; तिला मी मनातल्या मनात मागच्या सीटवर पाठवली. मास्तर खुलले. मी आले म्हणून त्यांनी गडगा अगदी पहिल्या दगडापासून रचायला घेतला. हातखंबा गेला, घाट सुरू झाला, गार वारा लागला. सात मिनिटांच्या वाटेवर डुलकी बसत नाही. तीन महिन्यांची थकबाकी होती.

कुणीतरी खांद्याला हलवलं. गाडी उभी. मास्तर दारात, पिशवी हातात, चेहऱ्यावर लढाई जिंकल्याचा की हरल्याचा भाव, काही कळेना.

"तर असा निकाल! काय म्हणता?"

"कमालच झाली, मास्तर," मी म्हटलं.

रात्री दहाला घरी पोचले. सासूबाईंनी विचारलं, "झाली काय गो मीटिंग?"

"अर्धवट राहिली," मी म्हटलं. "पुढच्या शुक्रवारी परत आहे."