बैठ जाएगा, सेठ

चाक गोल असतं, एवढ्या ज्ञानावर मी बावन्न वर्षं काढली आणि कुठे अडलं नाही. अडलं ते गेल्या पावसाळ्यात. परळला आमचा फराळाचा छोटा व्यवसाय आहे. बायको करते, मी पोचवतो. पोचवायला एक मालाची व्हॅन आहे, एमएच ०१ पासिंगची, वयाने माझ्या लेकीपेक्षा थोडी लहान. त्या दिवशी चकल्यांचे डबे भरून निघालो होतो. साचलेल्या पाण्याखाली दबा धरून बसलेल्या एका खड्ड्याने पुढचं डावं चाक गिळलं आणि बाहेर थुंकलं. चकल्यांचा चुरा झाला तो झालाच, पण टायर ज्यावर चढतो ती लोखंडी डिस्कही तडकली. पंक्चरवाल्याने तिच्यावर पान्हा वाजवला, बद्द आवाज ऐकला आणि डॉक्टर चष्मा काढतात तसं तोंड केलं.

"दुसरी आणा."

कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांचे सुटे भाग मिळतात. तिथे गाडी मेली तरी तिचं अवयवदान चालू राहतं. एका दुकानासमोर डिस्कची दुपारभर सावली पडेल एवढी चळत होती.

"कितने नट?"

"चार."

"तेरह इंच?"

"हां."

"ले जाओ. बैठ जाएगा, सेठ."

या शहरात मला 'बाजूला व्हा' सोडून दुसरं काही म्हणणारी माणसं थोडी. सेठ म्हटल्यावर मी माप कुठलं विचारतो? डिस्क खांद्याला लावून स्लो लोकलच्या लगेज डब्यात चढलो. मासळीच्या रिकाम्या टोपलीवर बसलेल्या मावशींनी "इंजिन पन मिलालं का?" असं आपुलकीने विचारलं.

घरी आल्यावर एक नट बसला. उरलेले तीन बोल्ट आपापल्या भोकांच्या जरासे बाहेर उभे राहून, चाळीच्या गॅलरीतून भांडण बघावं तसे, आमच्याकडे बघत राहिले. मी पंक्चरवाल्याला "जरा दाब ना" म्हणालो. त्याने पान्हा खाली ठेवला. "पीसीडी वेगळी आहे साहेब. दाबून काय होणार?"

पीसीडी मला बायकोकडून कळली. तिने फुटक्या डिस्कवर समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत दोरा ताणला, पट्टीवर धरला. "साडेचार इंच." मग नव्या डिस्कवर. "चार इंचाला जरा कमी."

"अगं, अर्ध्या इंचाने काय—"

"अहो, कासाराकडे दोन-चारची बांगडी मागून दोन-सहाच्या हातात चढवून बघा कधी."

बांगडीचं दोन-सहा म्हणजे दोन इंच आणि वर इंचाचे सहा सोळांश, हेही मला लग्नाच्या सत्ताविसाव्या वर्षी कळलं. चाकाचं तसंच. चारही बोल्टांच्या मध्यांवरून एक न दिसणारी बांगडी जाते, तिचा व्यास म्हणजे पीसीडी. माझ्या गाडीची ११४.३ मिलिमीटरची, आणि मी आणली १०० ची. हा ११४.३ कुठल्या विक्षिप्ताने काढला म्हणून मी चिडलो होतो, पण तो आपला सरळ साडेचार इंच आहे, मिलिमीटरच्या वेषात. (पाच बोल्टांच्या चाकाला समोरासमोर भोकंच नसतात. तिथे शेजारच्या दोन भोकांमधलं अंतर मोजून १.७ ने गुणतात. माझी गाडी चार बोल्टांची आहे, देव दयाळू आहे.)

आता मला पीसीडी कळत होती. पुरुषाला एक गोष्ट कळली की बाकीच्या नऊ आपोआप कळतात. मी मोजपट्टी खिशात घालून गेलो, मोजून ११४.३ चे अलॉय, म्हणजे मिश्रधातूचे डिस्क, घेतले, चारच्या चार, टायरसकट, चकचकीत. बायकोला विचारलं नाही. गाडीला लावले, आठच्या आठ बांगड्या भरल्यासारखे बसले. आमची फराळाची व्हॅन लग्नाच्या वरातीत निघाल्यासारखी दिसू लागली. चाकं मडगार्डच्या थोडी बाहेर आली होती. मला तो रुबाब वाटला.

रिकामी गाडी छान पळाली. माल भरला तशी मागून चर्र असा आवाज आणि वळणावर जळक्या रबराचा वास. दादरच्या जुन्या गिऱ्हाईक काकूंनी डबा उघडण्याआधीच नाक मुरडलं. "भाजणी करपली का हो यंदा?"

त्या संध्याकाळी बायकोने गाडीतलं माहितीपुस्तक शोधून काढलं. मी त्यात पेट्रोलच्या पावत्या ठेवतो. ती वाचत गेली, मी लहान होत गेलो. चाकाच्या रुंदीच्या बरोबर मध्यापासून डिस्क जिथे हबला, म्हणजे गाडीच्या बोल्टवाल्या तबकडीला, टेकते तिथपर्यंतचं अंतर म्हणजे ऑफसेट. ते कमी पडलं की चाक बाहेर येतं, जास्त झालं की आत घुसून सस्पेन्शनला घासतं.

"परात आणि ताट," ती म्हणाली. "तोंडं एकाच मापाची, खोली वेगळी."

मग ती टॉर्च घेऊन टायरपाशी बसली. जुन्या टायरवर एलटी अशी अक्षरं होती, म्हणजे हलक्या मालवाहू गाडीचा टायर, आणि पुढे ८५. माझ्या चकचकीत टायरवर ७५. हे आकडे किलो नव्हेत, कोष्टकातले क्रमांक आहेत: ८५ म्हणजे एका टायरवर ५१५ किलो, ७५ म्हणजे ३८७.

"एका चाकामागे १२८ किलो कमी," तिने तोंडी हिशेब केला. "म्हणजे तेलाचे पंधरा किलोचे साडेआठ डबे. हे कोण उचलणार होतं, तुम्ही?"

मी विषय बदलावा म्हणून टायरवरच्या आर म्हणजे रेडियस, असं सांगितलं. तो रेडियल निघाला.

तिसऱ्या खेपेला ती बरोबर आली. पिशवीत फुटकी डिस्क, दोरा, पट्टी आणि एका चिठ्ठीवर पाच मापं: व्यास, रुंदी, पीसीडी, ऑफसेट, मधलं भोक. दुकानदाराने मला ओळखलं. "आओ सेठ, बैठ जा—" एवढ्यात त्याला पिशवीतून बाहेर येणारी डिस्क दिसली आणि त्याने मुकाट्याने चळत उपसायला घेतली. बाविसावी की तेविसावी डिस्क तंतोतंत निघाली. तशा चार मिळाल्या, लोखंडी, अजिबात न चकाकणाऱ्या. अलॉय त्याने पडत्या भावात परत घेतले. किती पडत्या, ते तिने वहीत लिहून ठेवलंय आणि दिवाळीपर्यंत महिन्यातून एकदा वाचून दाखवलं.

माझी ती पहिली १०० ची डिस्क मात्र त्याने घेतली नाही, "बिका माल" वगैरे. ती पंधरा दिवस जिन्याखाली पडून होती. चकल्यांच्या मोठ्या घाण्याला कढई भट्टीवर डगमगते म्हणून बायकोने एके दिवशी ती बर्नरवर आडवी टाकली आणि वर कढई ठेवली. दोरा लावला नाही, पट्टी धरली नाही. कढई सूतभर हलेना.

"बघितलंस? बैठ गया," मी म्हणालो.

तिने झारा माझ्या हातात दिला आणि गॅस मोठा केला.