डाव्या हाताची नोकरी

माझा डावा हात बावीस वर्षं एकाच नोकरीत होता. भाता मारणे. गल्लीतल्या भजनी मंडळात मी पेटी वाजवतो, सगळे मला मास्तर म्हणतात, पण खरं सांगायचं तर वाजवतो तो उजवा हात, त्यातपण तीनच बोटं, अंगठा आणि करंगळी फक्त हजेरी लावायला. डावा बिचारा मागं बसून वारा घालतो. दिवसा मी बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपमध्ये क्वालिटीला आहे, म्हणजे दुसऱ्यानं मेहनतीनं केलेला जॉब व्हर्नियरनं मोजायचा आणि नापास करायचा. असा माणूस सत्तेचाळीसाव्या वर्षी पियानो शिकायला गेला तर देव बघून घेणारच की.

सुरुवात लेकीमुळं झाली. ती पाचवीत असताना हट्ट करून एक कीबोर्ड घेतला होता, तीन महिने वाजवला, मग तो कॉटखाली गेला तो ती पीयूसीला, म्हणजे अकरावीला, जाईपर्यंत तिथंच. गेल्या मे महिन्यात साफसफाईला निघाला, ही म्हणाली भंगारवाल्याला देऊन टाका, मी म्हटलं थांब, वाजतोय काय बघतो. वाजला. आणि त्यात चुकून पियानोचा आवाज लागला आणि मी जे काय एक बोट दाबलं ना, ते मला आवडलं, झालं, एवढंच. बाकी काही खोल कारण नाही. लोक विचारतात तेव्हा मी ‘लहानपणापासूनची इच्छा होती’ असं सांगतो कारण ते बरं दिसतं.

कॅम्पात एक वयस्कर मिस शिकवतात. मूळच्या गोव्याच्या, पण जन्म गेला बेळगावात, त्यामुळं कोकणी, मराठी आणि इंग्लिश तिन्ही एकाच वाक्यात येतात आणि ओरडताना त्यात कन्नडपण येतं. त्यांच्या घरात खरा उभा पियानो आहे, पावसाळ्यात त्याच्या दोन पट्ट्या फुगून बसतात. मी पहिल्या दिवशी गेलो तर व्हरांड्यात चार पोरं आणि त्यांच्या चार आया. एका आईनं मला विचारलं, तुमचं बाळ कितवीत आहे. मी म्हटलं मीच बाळ आहे. ती नंतर दोन आठवडे माझ्याशी बोलली नाही.

मिसनी बसवलं, पाठ सरळ, मनगट सैल, बोटं अशी वाकवायची की हातात लिंबू धरल्यासारखी. मग म्हणाल्या, दोन्ही हात वर ठेव आणि उजव्या हातानं पाच स्वर वाजव. मी सुरू केलं. दोन मिनिटांनी त्यांनी चष्मा काढला.

“अरे बाबा, लेफ्ट हॅन्ड काय करालाय तुझा?”

मी बघितलं तर माझा डावा हात स्टुलाच्या बाजूला हवेत भाता मारत होता. आपोआप. मागंपुढं, मागंपुढं, एकदम तालात. शेजारी बसलेली आठ वर्षांची पोरगी एवढी हसली की तिला पाणी द्यावं लागलं.

त्या हाताला ही नोकरी कुणी लावली ते मी नंतर शोधून काढलं, कारण दोष द्यायला कोणतरी पाहिजे. पेटी आपली आपली म्हणतो पण मूळ पॅरिसची, डेबेन नावाच्या माणसानं १८४२ ला तिचं पेटंट घेतलं, आणि त्या पेटीचा भाता पायानं मारायचा. म्हणजे तिकडं दोन्ही हात मोकळे. मग कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास ती मांडी घालून बसणाऱ्या माणसासाठी हातभात्याची केली. सोय फार छान झाली, पण पाय सुटले आणि डावा हात अडकला. आणि पियानोवाल्यांचं बघा, इटलीत क्रिस्टोफोरीनं १७०० च्या आसपास फ्लॉरेन्सला पियानो केला त्यात भाताच नाही, पट्टी दाबली की आत हातोडी तारेवर आपटते. त्यामुळं तीनशे वर्षं तिकडचे डावे हात रोज वाजवालेत आणि आमचा वारा घालतोय, आता एका रात्रीत बरोबरी कशी होणार.

बरं, एकेक हात वेगळा वाजवला की जमतं. हा पियानोतला सगळ्यात मोठा फसवा प्रकार आहे. उजवा वेगळा, फर्स्ट क्लास. डावा वेगळा, जरा अडखळत पण पास. आता दोन्ही एकत्र म्हटलं की दोघांची अशी भांडणं लागतात की जशी काही वाटणी व्हायची आहे. उजवा थांबला की डावा थांबतो, डाव्यानं जोरात मारलं की उजवा घाबरून दुसरीच पट्टी दाबतो. मिस म्हणतात अजून हळू वाजव. मी म्हटलं मिस याच्यापेक्षा हळू म्हणजे थांबणं. तर त्या म्हणाल्या, मग थांबून वाजव. याचा अर्थ मला अजून लागलेला नाही पण घरी तसंच करतो.

अंगठ्याची वेगळीच कथा. साधं सप्तक चढायचं तर उजव्या हातानं एक दोन तीन, मग अंगठा तिसऱ्या बोटाखालून सरपटत पुढं काढायचा आणि परत एक दोन तीन चार पाच. डाव्यात उलटं, आधी करंगळीपासून पाची बोटं संपवायची आणि मग मधलं बोट अंगठ्यावरून उडी मारून पलीकडं. मी तीन बोटांत बावीस वर्षं संसार केलेला माणूस, माझा अंगठा बोटाखालून जायच्याऐवजी भिंतीला धरून चालणाऱ्या म्हाताऱ्यासारखा बाहेरूनच यायचा. ती आठ वर्षांची पोरगी मग मला सांगायची, अंकल, थंब खाली, खाली. आणि तिचा जायचा एकदम सरर्कन, पाण्यातल्या माशासारखा. एका फ्रेंच माणसाचं हॅनन म्हणून १८७३ चं पुस्तक आहे, त्यात बोटांच्या कसरती आहेत साठ. साठ! मी चौथ्यावर आहे. ही म्हणते, तुम्ही रिटायर व्हाल तेव्हा वीसाव्यावर असाल.

‘सा’वरून तर पहिल्याच महिन्यात तंटा झाला. मिस म्हणाल्या सी पासून वाजव. मी विचारलं, म्हणजे सा पांढरी एक? त्या म्हणाल्या सी म्हणजे सी. मी म्हटलं हो पण आमचे बुवा काळी दोनला गातात, आणि एकादशीचं जागरण झालं की गळा बसतो, मग खाली येतात, तर सी पण खाली येणार काय? त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की चर्चमध्ये कुणी चप्पल घालून नाचल्यासारखं. आपल्याकडं सा म्हणजे पाहुणा आहे, जिथं सतरंजी टाकाल तिथं बसतो. त्यांचा सी म्हणजे सातबाऱ्यावर नाव लागलेला, जागचा हलत नाही. हे कळायला मला दीड महिना लागला आणि कळल्यावर दोन दिवस वाईट वाटलं, उगीच.

आता काहीजण म्हणतील पेटी येते म्हटल्यावर फायदा झाला असेल की. हा प्रश्न मला शंभर जणांनी विचारला. शिवाय हे गाव असं की रामभाऊ विजापुरे यांनी इथं आयुष्यभर पेटी वाजवली, शिकवली, त्यामुळं इथं पेटीवाल्याकडून लोकांच्या अपेक्षा जरा जास्तच. फायदा झाला, पट्ट्यांची भीती नव्हती, सूर कानाला कळत होता. पण तोटा पण झाला. पेटीवर बोट ठेवलं की वारा आहे तोवर सूर उभा राहतो, बुवा आलाप घेऊन, पान खाऊन परत आले तरी तो तिथंच. पियानोवर दाबलं की टण्ण झालं आणि हळूहळू गेलं. मी पहिले कितीतरी दिवस पट्टी दाबून तशीच धरून बसायचो, सूर कधीच विरून गेलेला आणि माझं बोट अजून दाबून, बस निघून गेल्यावर स्टॉपवर हात दाखवत उभं राहावं तसं. आणि पेटीवर कसंही दाबा आवाज तेवढाच, इथं जरा रागानं दाबलं की राग ऐकू येतो. ऑफिसात ऑडिट असलं की मिसना लगेच कळायचं.

मेट्रोनोम, म्हणजे लय धरायला ठोके देणारं यंत्र, हा आणखी एक इसम. टिक टिक टिक. सम नाही, काल नाही, कुठं पोचल्याचं समाधान नाही. आमचा पखवाजवाला बुवा पुढं पळाले तर त्यांच्यामागं पळतो, अडले तर थांबतो, माणूस आहे. हा साठवर लावला की मिनिटाला साठ.

नोटेशनचं मात्र मला वाटलं होतं की आपल्याला सोपं जाईल. बेळगावचा माणूस जन्मापासून दोन लिप्या वाचतो, बसची पाटी कन्नड, घरात पेपर मराठी, आमच्या गल्लीत तर एकाच दुकानाच्या बोर्डाच्या दोन ओळी दोन लिप्यांत आणि डोकं न हलवता दोन्ही वाचतो. तर इथंपण पाच रेघांच्या दोन ओळी, वरची बहुतेक उजव्या हाताची, खालची डाव्याची. म्हटलं हे तर आपलंच. पण वरच्या ओळीत सगळ्यात खालच्या रेघेवर टिंब बसलं की तो ई, आणि खालच्या ओळीत त्याच जागेवर तस्संच टिंब बसलं की जी. टिंब तेच, रेघ तीच. म्हणजे ‘क’ काढायचा आणि वरच्या मजल्यावर क म्हणायचा, खालच्या मजल्यावर ग. शिवाय दोन्ही एकाच वेळी वाचायचं, दोन हातांनी. मी शेवटी पट्ट्यांवर स्टिकर लावले. मिसनी ते नखानं काढले, एकेक.

मग त्या म्हणाल्या एकसष्ठ पट्ट्यांच्या खेळण्यावर होणार नाही, अठ्ठ्याऐंशीचा घे, आणि पट्टीला वजन असलेला. शिकणारे सगळे इथं येऊन अडकतात, एकसष्ठ की अठ्ठ्याऐंशी. मी व्हर्नियर घेऊन बसलो. मिसच्या पियानोची पांढरी पट्टी साडेतेवीस मिलिमीटर, माझ्या पेटीची त्याहून अरुंद, म्हणून माझी बोटं सारखी कमी पडत होती. हा शोध मी मोठ्या अभिमानानं सांगितला तर मिस म्हणाल्या, मोजू नको, वाजव.

सेकंडहॅन्ड डिजिटल पियानो मिळाला म्हापशाला. मित्राच्या ओमनीतून चोर्ल्याच्या घाटानं आणला, साडेचार फूट लांब, बारा किलोच्या आसपास, जुन्या बेडशीटमध्ये गुंडाळून मागं आडवा. कणकुंबीच्या चेकपोस्टवर गाडी अडवली. गोव्याहून येणारी गाडी आणि मागं चादरीत गुंडाळलेलं लांबडं काहीतरी, पोलिसाचं काय चुकलं सांगा. चादर काढली, त्यानं वाकून बघितलं, दोन पट्ट्या दाबल्या, काही वाजेना. त्याला वाटलं आतून पोकळ आहे, बाटल्या भरल्यात.

“बारसरी नोडोण,” म्हणाला. वाजवून दाखव.

“करंट इल्ला सर,” मी म्हटलं.

मग त्याच्या टपरीतल्या चार्जिंगच्या प्लगवर अ‍ॅडॅप्टर लावला, डिकी उघडी, बाहेर पाऊस, मी ओणवा, आणि मागं तीन पोलीस आणि एक भाजीचा टेम्पोवाला. आयुष्यातला पहिला जाहीर कार्यक्रम. मी सप्तक वाजवलं, अंगठा बाहेरूनच आला. पोलीस म्हणाला एवढंच? मित्र म्हणाला सर तो अजून शिकालाय. पोलिसानं माझे पिकलेले केस बघितले आणि काही न बोलता हात केला, जावा. त्या ‘जावा’त जी दया होती ती मी विसरणार नाही.

घरी आल्यावर पॅडल शहाबादी फरशीवरून पळायचं, पाय लावला की ते कपाटाखाली. खाली पायपुसणं टाकलं, आता मी, पियानो आणि पायपुसणं असे तिघं हळूहळू भिंतीकडं सरकतो. पावसाळ्यात करंट गेला की बारा किलोचं फळकूट. आणि घरच्यांना त्रास नको म्हणून हेडफोन घेतला तर मला वाटलं की प्रश्न मिटला. कानात माझ्या असा मस्त हॉलमधला आवाज, डोळे मिटून वाजवालोय, आणि बाहेरच्यांना ऐकू येतंय काय तर नुसती ठकठक ठकठक. रात्री साडेदहाला. चौथ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या अक्का वर आल्या, “एनरी, रात्री एन कुट्टतीरी?” रात्रीचं काय कुटता म्हणून. आमच्या आईनं शांतपणे सांगितलं, शेंगाची चटणी. मुलगा पियानो वाजवतो हे सांगण्यापेक्षा तिला ते बरं वाटलं. आता अक्का दर आठवड्याला चटणी मागतात आणि हिला ती खरंच कुटावी लागते. याचा राग कुणावर निघतो ते सांगायला नको.

तर असं वर्ष गेलं. डावा हात ऐकतच नव्हता. मिस म्हणायच्या एक दिवस तो आपोआप येईल, तू त्याच्याकडं बघू नको. मी बघायचं सोडलं. आणि आषाढी एकादशीला मंडळाचं भजन होतं, विठ्ठलाच्या देवळात पाऊल ठेवायला जागा नाही, बाहेर धो धो पाऊस, बुवांचा गळा लागलेला, पखवाज चढलेला, मी पेटीवर, डोळे मिटलेले. बुवांनी वरचा सा धरला. आणि तेवढ्यात खालून दोन सूर आले, गोड, बरोबर जागेवरचे, मला वाटलं कोण वाजवालाय हे, डोळे उघडून बघतो तर माझा डावा हात. वर आला होता. अगदी लिंबू धरल्यासारखी बोटं वाकवून, मनगट सैल, करंगळीसकट. मला असा आनंद झाला म्हणून सांगू, वर्षभराचं सगळं वसूल, मिसना फोन करावा असं वाटलं.

पेटीनं एक लांब सुस्कारा सोडला, सूर खाली खाली घसरला आणि बंद.

देवळात एवढी शांतता की पन्हाळीचं पाणी ऐकू यायला लागलं. बुवांचा वरचा सा एकटाच हवेत. त्यांनी तो सोडला नाही, मोठा माणूस, तसाच धरून माझ्याकडं वळले आणि त्याच सुरात म्हणाले,

“मास्तर, वारा!”