टायटर उतरलं म्हणजे लस वाया गेली का?

दादा, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. भाचीनं नर्सिंगला प्रवेश घेतला, रक्त तपासलं, तर हिपॅटायटिस बी विरुद्धच्या अँटीबॉडीजचं प्रमाण, म्हणजे टायटर, १० mIU/mL पेक्षा कमी. १० च्या वर असलं की संरक्षण आहे असं धरतात. लहानपणी सगळे डोस झालेले, कार्डही जपून ठेवलेलं. त्यावर तुम्ही विचारलंत, 'मग ही लस म्हणजे फसवणूकच ना? शिवाय गावात दर पावसाळ्यात कावीळ येतेच.'

पावसाळ्यातली कावीळ बहुतेक वेळा हिपॅटायटिस ए किंवा ई ची. ती घाण पाण्यातून येते. बी रक्तातून, सुईतून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून येतो. आपण सगळ्यालाच कावीळ म्हणतो, पण बी ची लस ए किंवा ई ला अडवत नाही.

आता टायटर. पीक कापून नेल्यावर रान मोकळं दिसतं, पण बियाणं कणगीत असतं. शरीराचंही तसंच आहे. अँटीबॉडीज वर्षांगणिक उतरतात, त्या बनवणाऱ्या पेशींची आठवण मात्र टिकते. त्यात हा विषाणू सावकाश वाढतो, लागण झाल्यापासून आजार दिसायला एक ते सहा महिने लागतात. तेवढ्यात ती आठवण जागी होते. अलास्कात १९८१ मध्ये लस दिलेल्यांना ३० वर्षांनी तपासलं, तेव्हा निम्म्यांच्याच अँटीबॉडीज १० च्या वर होत्या. उतरलेल्यांपैकी ८५ जणांना एक बूस्टर दिला. ७५ जणांच्या महिन्याभरात परत वर आल्या. त्यांना पहिली लस सहा महिन्यांच्या वयानंतर मिळाली होती, हेही सांगायला हवं; जन्मताच लस घेतलेल्यांना हे आकडे जसेच्या तसे लागू होतीलच असं नाही.

लस खरी कुठे हुकते, ते मी बीड जिल्ह्यात पाहिलंय. ऊसतोडीहून परतलेली एक बाई बाळाला घेऊन लसीकरणाला आली. बाळ फडावरच्या कोपीत झालेलं. आशाताईंनी कार्ड उघडलं, तर 'हिपॅटायटिस बी, जन्मतः' हा रकाना कोरा. त्यांनी त्यावर बोट ठेवलं आणि काहीच बोलल्या नाहीत. हा डोस २४ तासांच्या आत द्यायचा असतो, नंतर तो रकाना भरता येत नाही. सहाव्या, दहाव्या, चौदाव्या आठवड्याला पेंटाव्हॅलेंट (बी सह पाच आजारांवरची एकत्र लस) मिळते आणि ती द्यायलाच हवी, पण आईला बी असेल तर बाळंतपणातली लागण तोवर होऊन गेलेली असू शकते. मोठ्या माणसाला बी झाला तर शंभरात पाचपेक्षा कमी जणांत तो कायमचा राहतो. जन्मताच लागला तर नव्वदांत राहतो, आणि पुढे त्यातल्या कितीतरी जणांना लिव्हर सिरॉसिस किंवा कॅन्सर गाठतो. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, उचल घेतलेली असते, मुकादम थांबत नाही. दिवस भरत आलेली बाईही गाडीत चढते. मला राग येतो तो याचा, दादा. त्या बाईची गरोदरपणात बी ची तपासणीसुद्धा झालेली नव्हती.

भाचीचं म्हणाल, तर तिला वॉर्डात सुया हाताळायच्या आहेत, त्यामुळे तिच्या बाबतीत खात्री करून घेणं रास्तच. तिनं एक बूस्टर घ्यावा, महिना-दोन महिन्यांनी पुन्हा टायटर तपासावं. १० च्या वर गेलं तर विषय संपला. नाहीच गेलं तर बूस्टर पहिला धरून दुसऱ्या फेरीतले उरलेले डोस पूर्ण करायचे. रिपोर्ट आला की मला कळवा.